जहाजावर अंगण नसतं

सासूबाईंना आजारी पडण्याची कला अवगत होती. वडीलधाऱ्यांबद्दल असं बोलू नये, पण त्यांच्या इमारतीत मजल्यावरच्या सगळ्यांनाच ते ठाऊक होतं. मुलगा आणि सून कुठे बाहेर निघाले की त्यांच्या छातीत कळ यायची. सुनेच्या माहेरचं कुणी येणार असलं की त्यांचं डोकं गरगरायचं. सुनेच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं, बॅगा दाराशी लागल्या होत्या, तेव्हा तर त्या उंबरठ्यातच कोसळल्या. शेजारच्या नर्सबाई धावत आल्या. त्यांनी नाडी पाहिली, पापण्या वर करून पाहिल्या आणि सुनेला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, तुझ्या सासूला काहीएक झालेलं नाही, पण पडल्या मात्र झकास. तोवर बस निघून गेली होती. सुनेनं बहिणीचं लग्न फोटोत पाहिलं.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. सून कधी उलट बोलली नाही. पाणी आणून द्यायचं, पाय चेपायचे, खिडकी उघडायची, एवढं ती मुकाट्यानं करायची. एक गोष्ट मात्र तिनं फार लवकर हेरली होती आणि ती कुणालाही, नवऱ्यालासुद्धा, सांगितली नव्हती. सासूबाई कोसळण्याआधी चष्मा काढायच्या. डोक्याला हात लावल्यासारखं करून चष्मा उतरवायच्या, हाताशी जे असेल त्यावर, टेबलावर म्हणा, कट्ट्यावर म्हणा, नीट ठेवायच्या आणि मगच डोळे फिरवायच्या. अकरा वर्षांत त्या कितीतरी वेळा पडल्या, पण चष्म्याला ओरखडा म्हणून नव्हता.

मुलगा गोदीत सुतार होता, तिथे एक मोठं प्रवासी जहाज बांधत होते. जहाज म्हणजे नुसतं लोखंड, असं लोकांना वाटतं. चार वर्षं त्यांच्या खिडकीतून ते जहाज दिसत होतं आणि पहिली दोन वर्षं ते लोखंडच होतं, हेही खरं. तीन-तीन मजली घराएवढे तुकडे क्रेन उचलायची, वेल्डर ते एकमेकांना जोडायचे, रात्रंदिवस ठिणग्या उडायच्या. मग एके दिवशी कोरड्या गोदीत पाणी सोडलं आणि ते सतरा मजल्यांचं धूड जराही आवाज न करता तरंगलं. त्यानंतर केबिनी आल्या. त्या कारखान्यातूनच तयार होऊन यायच्या, पलंग, आरसा, बेसिन, साबण ठेवायची वाटीसुद्धा चिकटवलेली. कपाटात खण सरकवावेत तशा त्या जहाजाच्या कुशीत सरकवल्या, अशा दोन हजार चारशे. आणि मग सुतारांचं काम सुरू झालं, कारण खण कितीही चांगला असला तरी कपाटात बसवल्यावर फट राहतेच. ती फट झाकायची. जिथे माणसाचा हात लागणार तिथे लोखंड राहू द्यायचं नाही.

मोठ्या जिन्याचा कठडा त्यानं केला होता. चौथ्या मजल्यापासून सोळाव्यापर्यंत एकच सलग लाकूड वाटावं असा. घरी जेवताना तो सांगायचा, डोळे मिटून हात फिरवत वर जायचं, सांधा सापडला तर मला विचारा. माणूस वाईट नव्हता. लाकडावर जीव असलेला माणूस सहसा वाईट नसतो. फळी उचलताच तो सांगायचा, ही अजून जिवंत आहे, ही मेली.

जहाज पूर्ण होत आलं तशी गोदीत कुजबुज सुरू झाली. पुढचं काम हातात नव्हतं. अठराशे माणसं घरी बसणार होती. त्यांतले फक्त नऊ सुतार जहाजावर कायमचे जाणार होते, जहाज जिथे जाईल तिथे, डागडुजीसाठी. यादी लागली. त्यात हा नववा होता. दहावा रोज ह्याच्याच बाकावर बसून डबा खायचा, आणि यादी लागल्यापासून त्यानं ह्याच्या तब्येतीची फार चौकशी करायला सुरुवात केली होती.

यादीला एक अट होती. ती घातली होती चाचणीच्या साहेबांनी. त्यांच्या गळ्यात कायम सेकंद मोजायचं घड्याळ लटकलेलं असायचं, म्हणून सगळे त्यांना घड्याळसाहेब म्हणायचे. जहाज मालकाच्या ताब्यात देण्याआधी एक दिवस ते खऱ्या माणसांनी भरून समुद्रात न्यायचं असतं. पैसे भरलेले प्रवासी तेव्हा कुठून आणणार? मग कामगारांचीच कुटुंबं बोलावतात. ती दिवसभर प्रवासी होतात. ठरल्या मिनिटाला सगळे एकदम नळ सोडतात, एकदम लिफ्टमध्ये शिरतात, एकदम सूप मागतात. प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. कुणी किल्ली हरवायची, कुणी मूल हरवायचं, कुणी वेटरशी भांडायचं. वेल्डरच्या बायकोला भांडायचं कार्ड मिळालं तेव्हा मजल्यावर सगळे म्हणाले, हिला कार्ड कशाला लागतं.

ह्या चाचणीत नऊही सुतारांना गटप्रमुख केलं होतं. ज्याच्या गटात गोंधळ होईल त्याचं नाव कटणार आणि दहावा वर सरकणार.

आणखी एक नियम होता. नाटकाच्या गर्दीत कुणाला खरंच काही झालं तर? त्यासाठी एक शब्द ठरवला होता. घड्याळसाहेबांनी सगळ्यांना गोदीच्या मोठ्या शेडमध्ये बसवून तो समजावून सांगितला होता. ह्या जहाजावर सगळं आहे, ते म्हणाले, नाटकगृह आहे, बाग आहे, दवाखाना आहे, दारू पिऊन दंगा करणाऱ्यासाठी कोठडी आहे. नाही ते फक्त अंगण. म्हणून हा शब्द कुणाच्या तोंडून चुकून निघणार नाही. कुणी अंगण म्हटलं की गटप्रमुखानं भिंतीवरचं लाल बटण दाबायचं. लांब भोंगा होईल, चाचणी तिथेच थांबेल, जहाज मागे फिरेल. आणि मग चौकशी होईल, कारण प्रत्येक गटप्रमुखानं आधीच सही करून द्यायची होती की माझ्या गटातली सगळी माणसं धडधाकट आहेत.

दवाखान्याच्या कवायतीसाठी एक म्हातारं माणूस हवं होतं. कुणी तयार होईना. आजाराचं सोंग घेऊ नये, आजार ऐकत असतो, असं जुनी माणसं म्हणतात. मुलगा घरी येऊन हसत हसत हे सांगत होता आणि सांगता सांगता थांबला. त्यानं आईकडे पाहिलं. सुनेनंही पाहिलं.

"बघताय काय?" सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं घरात फुकट केलं, तर नाटकी म्हणालात. आता साहेब बोलावतोय तर मी गोड झाले."

पण त्या मनातून फुलल्या. कार्ड त्यांनी आरशाच्या कोपऱ्यात खोचलं. वय सत्तर, प्रवासी बाई, नवव्या मजल्यावरच्या बागेत अकरा वाजता छातीत कळ येऊन पडतात, बोलू शकतात, हात-पाय हलवू शकतात. त्या दिवसातून दोनदा तालीम करायच्या. पडायचं कुठल्या कुशीवर, कण्हायचं किती, ह्यावर त्यांनी नर्सबाईंचासुद्धा सल्ला घेतला. नर्सबाईंनी सल्ला दिला आणि जाताना सुनेला म्हणाल्या, रक्तदाब वाढलाय हो ह्यांचा, गोळ्या घेतात ना? गोळ्या दोन वर्षांपूर्वीच लिहून दिलेल्या होत्या. त्या घेतात की नाही हे कुणी पाहत नव्हतं. गोळ्याही नाटकातल्याच, असं घरात धरून चाललं होतं.

चाचणीच्या चार दिवस आधी त्या जेवताना म्हणाल्या की उजव्या हाताला मुंग्या येतायत, घास धरवत नाही. मुलगा म्हणाला, आई, कार्डावर हात नाहीये, छाती आहे. सगळे हसले. त्या स्वतःही हसल्या आणि डाव्या हातानं जेवल्या. त्याच रात्री मुलानं धडधाकटपणाच्या कागदावर आईच्या नावापुढे सही केली.

चाचणीच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. गोदीतली माणसं आपापल्या बायकामुलांना ठेवणीतले कपडे घालून घेऊन आली होती. ज्या शिडीवरून चार वर्षं हत्यारं वाहिली तिच्यावर आज गालिचा होता. आत शिरल्यावर सगळे माना वर करून पाहू लागले. काचेची लिफ्ट वर जाताना खालचा चौक लहान लहान होत गेला. नाटकगृहाचे पडदे, रिकामे पोहण्याचे हौद, एकाच वेळी सहाशे ताटं बसतील असं स्वयंपाकघर. गालिच्यांवर अजून प्लास्टिक होतं, ते पायाखाली चरचरायचं. लिफ्टवाल्यानं "या मॅडम" म्हटल्यावर वेल्डरची बायको, कार्डावर भांडण असूनही, लाजली.

सासूबाईंनी लिफ्ट नाकारली. चौथ्या मजल्यापासून नवव्यापर्यंत त्या जिन्यानंच चढल्या, डोळे मिटून, कठड्यावर हात फिरवत. सून पर्स आणि पाण्याची बाटली घेऊन मागे. सातव्या मजल्यावर त्या धाप लागून थांबल्या.

"सापडला नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सांधा गं. माझ्या पोरानं केलंय हे. तुझ्या बापानं तुला नावेत तरी बसवलं होतं का कधी?"

सून म्हणाली, नाही. आणि बाटलीचं झाकण उघडून पाणी पुढे केलं. त्यांनी ते डाव्या हातानं घेतलं.

नवव्या मजल्यावर खरीच बाग होती. कुंड्यांतली नव्हे, मातीत लावलेली झाडं, वर उघडं आकाश, चारी बाजूंना केबिनींचे सज्जे. सासूबाई बाकावर बसल्या. त्यांना कपात चहा दिला गेला, बशीसकट, एका तरुण वेटरनं कमरेत वाकून. त्या अशा खुश होत्या की सुनेलासुद्धा क्षणभर बरं वाटलं. मुलगा थोड्या अंतरावर गळ्यात घड्याळ आणि हातात कागद लावायची फळी घेऊन उभा होता. आज गटप्रमुखांनाही घड्याळं दिली होती. त्याच्या मागच्या खांबावर लाल बटण होतं, काचेच्या झाकणाखाली.

अकराला दहा मिनिटं होती. सासूबाई काहीतरी सांगत होत्या, बहुतेक वेटरच्या वाकण्याबद्दल. बोलता बोलता शब्द अडखळला. कप हातातून निसटला. त्या बाकावरून एका अंगावर घसरल्या आणि तोंडावर आपटल्या. कुठल्या कुशीवर पडायचं हे इतकं ठरवलेलं असूनही.

चष्मा डोळ्यांवर होता. फरशीवर आपटून त्याची एक काच तडकली.

सुनेनं ते पाहिलं. त्या तडकलेल्या काचेकडे पाहत तिनं वाकून त्यांचा चष्मा उतरवला. कुणीही सांगायची गरज नव्हती. सबंध जगात ही खूण फक्त तिलाच माहीत होती.

मुलानं घड्याळाचा खटका दाबला. दहा मिनिटं आधीच, तो पुटपुटला, पण चालेल. स्ट्रेचर घेऊन दोन खलाशी धावत आले, त्यांचं पाठ केलेलं काम ते चोख करत होते. सासूबाईंना उचलून आडवं केलं, पट्टे बांधले. वेळ चांगली पडत होती. सज्ज्यांतून लोक टाळ्या वाजवत होते. नर्सबाईंनी म्हटलं होतं तेच सगळे म्हणत होते, पडल्या मात्र झकास.

तेव्हा त्या बोलल्या. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता आणि आवाज भरलेल्या मडक्यातून यावा तसा येत होता, पण शब्द कळत होता.

"अंगण."

खलाशी थबकले. त्यांतला मोठा म्हणाला, "साहेब, ह्या तो शब्द म्हणाल्या."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी सुताराला साहेब म्हटलं होतं. तो पुढे आला. आईवर वाकला. तिनं डाव्या हातानं त्याचं बोट धरलं, घट्ट. त्यानं तिचा उजवा हात उचलला आणि सोडून दिला. हात स्ट्रेचरच्या कडेवर आपटला आणि लोंबत राहिला. लाकूड हातात घेताच जिवंत की मेलेलं हे सांगणारा माणूस तो. त्याला कळलं नाही असं कोण म्हणेल. त्यानं मागे बटणाकडे पाहिलं. मग गळ्यातल्या घड्याळाकडे. पलीकडच्या सज्ज्यात दहावा माणूस आपल्या पोरांना घेऊन उभा होता आणि इकडेच पाहत होता.

मग त्यानं तो लोंबता हात उचलून पांघरुणाखाली नीट सारला. चादरीची कड घडी घालून दाबावी तसा.

"ती असंच करते," तो खलाशांना म्हणाला. "कुठला शब्द कधी म्हणायचा ते तिला बरोबर कळतं. घरीही हेच चालतं. हिला विचारा."

दोघे खलाशी सुनेकडे वळले. तिच्या हातात तडकलेला चष्मा होता.

पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला सांगत राहिली की त्या वेळी तिच्या मनात काही नव्हतंच, डोकं सुन्न झालं होतं. पण तसं नव्हतं. तिच्या मनात दाराशी लागलेल्या बॅगा होत्या. बस निघून गेल्यावर रस्त्यावर उरलेली धूळ होती. नवऱ्याची नोकरी तिच्या मनात नंतर आली. बॅगा आधी आल्या.

"हो," ती हळू, नेहमीच्याच आवाजात म्हणाली. "घरीही असंच करतात."

स्ट्रेचर उचललं गेलं. नोकरांच्या लिफ्टनं ते तळमजल्यावरच्या दवाखान्यात पोचलं, सात मिनिटं चाळीस सेकंदांत. घड्याळसाहेबांना आठ चालली असती.

दवाखाना पांढराशुभ्र होता. पलंग होते, दिवे होते, पण औषधांची कपाटं अजून मोहोरबंद होती. किल्ल्या मालकाच्या ताब्यात जहाज गेल्यावर मिळणार होत्या. डॉक्टरच्या जागी एक कारकून होता. त्यानं विचारलं, छातीत कळ ना? कार्डाप्रमाणे रकाना भरला, सासूबाईंच्या मनगटाला चिठ्ठी बांधली आणि पाय मुरगळलेल्या, भाजलेल्या, बुडता बुडता वाचलेल्या खोट्या रोग्यांच्या ओळीत त्यांना ठेवून दिलं. लांब भोंगा होईपर्यंत रोग्यांनी पलंगावरून उठायचं नव्हतं. पुढे होड्या उतरवायची कवायत होती, मग आगीची.

दोन तास.

सून शेजारच्या स्टुलावर बसून होती. शेजारच्या पलंगांवर पत्ते सुरू झाले. भाजलेला माणूस डाव जिंकत होता. सासूबाईंच्या तोंडातून लाळ ओघळायची, ती सून पुसायची. त्यात तिनं कसूर केली नाही. अधूनमधून त्या तो शब्द म्हणायच्या. पत्तेवाले हसायचे. एकजण म्हणाला, आजी, पुरे आता, साहेब गेले. मग त्या सुनेकडे पाहायच्या. त्यांचा एक डोळा पुरता उघडा होता. सुनेनं आपली नजर जमिनीवरच्या रेषेवर ठेवली. तिथे लाद्यांचा सांधा होता आणि तो मात्र दिसत होता.

मध्ये एकदा मुलगा खाली आला. त्याच्या गटाच्या होड्या सर्वांत आधी उतरल्या होत्या. तो पलंगाशी उभा राहिला, जवळ आला नाही. बायकोला एवढंच म्हणाला की आता थोडंच राहिलंय. ती म्हणाली, बरं. दोघांमध्ये ह्यापेक्षा जास्त बोलणं झालं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

एक वाजता भोंगा झाला. खोटे रोगी उठून, कपडे झटकून चहाला गेले. सासूबाई उठल्या नाहीत, तेव्हा कारकून घाबरला आणि त्याला धीर मुलानंच दिला. धक्क्यावर रुग्णवाहिका बोलावली होती. अडीचच्या सुमारास त्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात होत्या.

तिथले डॉक्टर तरुण होते आणि भराभर बोलत होते. मेंदूत गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच ते देता येतं, नाहीतर उलटतं. म्हणून नेमकी वेळ हवी. अंदाज नको. पहिलं लक्षण किती वाजता दिसलं?

मुलाच्या गळ्यात घड्याळ अजून लटकत होतं. ते परत करायचं राहून गेलं होतं. फळीवरच्या कागदावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, दहा पन्नास. तो कागद साहेबांच्या टेबलावर पोचला होता आणि त्यावर उत्तम असा शेरा पडला होता. दहा पन्नास म्हणायचं तर मग दहा पन्नासनंतर तुम्ही काय करत होता, हा प्रश्न आलाच.

"नक्की सांगता येणार नाही," तो म्हणाला. "तिथे सगळेच आडवे होते."

डॉक्टरांनी सुनेकडे पाहिलं. बाई, तुम्ही होतात ना जवळ?

तिनं मान हलवली. नाही.

डॉक्टरांनी हातातली इंजेक्शनची पेटी परिचारिकेकडे परत दिली.

सासूबाई वाचल्या. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळी नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की अशा रोग्याच्या तोंडी कधी कधी एखादाच शब्द उरतो, तोच तो सगळ्याला वापरतो. त्यांच्या तोंडी कुठला उरला हे सांगायला नको. पाणी हवं, अंगण. कूस बदला, अंगण. दुखतंय, अंगण. आवाजाच्या चढ-उतारावरून सून अर्थ ओळखू लागली. मजल्यावरच्या बायका भेटायला यायच्या आणि पदर डोळ्यांना लावायच्या. लहानपणी अंगणाचं घर असेल हो त्यांचं, तिथेच जीव अडकलाय, म्हणायच्या. नर्सबाईही आल्या. त्यांचा भाऊ गोदीत होता, शेडमधल्या त्या सभेत तो बसला होता. तो शब्द ऐकताच त्या उठून गेल्या. त्यानंतर पुन्हा आल्या नाहीत.

जहाज वाजतगाजत निघालं. नऊही सुतार त्यावर होते. निघताना मुलगा आईच्या पाया पडला, डाव्या बाजूनं, उजवीकडे वळला नाही. महिन्याभरानं गोदीतून एक पाकीट आलं. चाचणीत उत्कृष्ट सहभागाबद्दल सासूबाईंना प्रशस्तिपत्रक होतं, सोनेरी कडांचं, आणि पुढल्या वर्षीच्या कुठल्याही सफरीची दोन माणसांची फुकट जागा. सुनेनं ते चौकटीत बसवून पलंगासमोरच्या भिंतीवर लावलं. नीट दिसेल असं.

मुलगा दर आठवड्याला बंदरावरून फोन करायचा. बर्फाचे डोंगर पाहिले म्हणायचा. अशी बेटं पाहिली की पाणी काचेसारखं. म्हातारी जोडपी महिना-महिना जहाजावरच राहतात, एकजण तर त्याच्या कठड्यावर हात फिरवत जिना चढतो रोज. दर महिन्याला कवायत असते आणि नव्या नोकरांना तो ठरलेला शब्द वाचून दाखवायचं काम आता त्याच्याकडे आहे, हे त्यानं एकदा चुकून सांगून टाकलं.

सून सगळं ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "अहो, आईंशी बोला ना." आणि फोन सासूबाईंच्या तोंडाशी धरायची.

"अंगण," त्या म्हणायच्या.

पलीकडे नुसता वाऱ्याचा आवाज. मग तो म्हणायचा, बरं आई, ठेवतो. सून मात्र एकही आठवडा चुकली नाही. फोन वाजला की हातातलं काम टाकून ती पलंगाशी यायची. दाराशी उभ्या असलेल्या बायका म्हणायच्या, सून असावी तर अशी, लेकाचा आवाज ऐकवल्याशिवाय राहत नाही. तिला रात्री शांत झोप लागायची. कुणी काय केलं ते ज्याचं त्याला दर आठवड्याला पोचतंय, आपण फक्त फोन धरतो, असं तिला वाटायचं.

सात महिने असे गेले. मग एका दुपारी फोन आला. मुलगा रजेवर येणार होता. पंधरा दिवसांनी जहाज परत ह्याच बंदराला लागणार होतं. त्याचा आवाज बारीक झाला होता. म्हणाला, आईला काय आणू, विचार तिला. सुनेनं नेहमीप्रमाणे फोन सासूबाईंच्या तोंडाशी धरला.

त्या बोलल्या नाहीत.

ओठ मिटून घेतले त्यांनी, जेवढे मिटत होते तेवढे. सुनेनं फोन आणखी जवळ नेला. पलीकडून तो म्हणाला, आई. मग पुन्हा म्हणाला, आई, बोल ना. म्हण ना काहीतरी. तेच म्हण. त्याचा आवाज लहान मुलासारखा होत गेला. सासूबाईंच्या उघड्या डोळ्यातून पाणी वाहून उशीत जिरत होतं, पण ओठ त्यांनी सोडले नाहीत. काय गिळलं त्यांनी ते त्यांचं त्यांना ठाऊक. आईची जात.

शेवटी फोन बंद झाला. सुनेनं तो स्टुलावर ठेवला आणि त्यांचं तोंड पुसायला फडकं घेतलं.

सासूबाईंनी डावा हात उचलला. उशाशी तो तडकलेला चष्मा असायचा, बदलायचा राहून गेलेला. चाचपडत त्यांनी तो उचलला, मोठ्या कष्टानं एका हातानं डोळ्यांवर चढवला आणि सुनेकडे पाहिलं. नीट, सावकाश.

"अंगण," त्या म्हणाल्या.

पाणी नको होतं. कूस बदलायची नव्हती. सुनेला त्यांचे सगळे चढ-उतार पाठ होते, आणि ह्यात चढ नव्हता की उतार नव्हता. फडकं हातात धरून ती उभी राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारून गेलं.

"अंगण," सासूबाई पुन्हा म्हणाल्या.

त्या दिवसापासून मुलाच्या फोनवर त्यांनी तो शब्द कधी काढला नाही. पाण्यासाठी नाही, दुखण्यासाठीही नाही. तहान लागली तरी गप्प राहायच्या. दिवसातून एकदा, अकराला दहा मिनिटं असताना, त्या चष्मा चढवून तो शब्द म्हणायच्या आणि सून जिथे असेल तिथून तिला पलंगाशी यावंच लागायचं.